मासवणची माती

३ मार्च २०२५

जागृती,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. केतन सुट्टीच्या दिवशी रिद्धीला भेटायला सफाळ्याला येतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. तो उघडणार नाही. वाचायचं की नाही ते तू ठरव.

शाळेत मी चौथीच्या मुलांना पत्रलेखन शिकवायची. आधी मायना, मग खुशाली, मग विषय. पहिल्या दोन्हींना इथे जागा नाही. विषय असा की तुझी अट मला केतनकडून कळली. इथली माती रिद्धीच्या तोंडात जाणार नाही अशी व्यवस्था झाल्याशिवाय तू तिला या घरी आणणार नाहीस. जूनपर्यंत ती झाली नाही तर तिचं नाव सफाळ्याच्या शाळेत घालशील, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.

अट मान्य आहे.

डॉक्टरांनी तिच्या रक्तात शिसं आहे म्हणून सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, सगळी मुलं माती खातात, केतनही खायचा. दुसऱ्या दिवशी तू तिला घेऊन माहेरी निघालीस. तिकडे गेल्यावर तिचं रक्त पुन्हा तपासलंस आणि शिसं उतरलेलं निघालं. तो कागद केतनने मला दाखवला. त्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

वाडीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये शिशासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, ते पाणी पावसाळ्यात आपल्या वाडीतून वाहत तळ्यात जायचं. आम्ही ते पाहत होतो. वास येतो म्हणून तक्रारही केली. शेड बंद पडली तेव्हा मला वाटलं, संपलं. माती काही विसरत नाही हे मला या वयात एका लहान मुलीच्या रक्तावरून कळायचं होतं.

आता काय करायचं ते लिहिते. अंगण पूर्ण कोब्याने झाकता येईल. पण तिला माती लागते, ती कुठून तरी शोधून काढेल. डॉक्टर म्हणाले होते, ही सवय हळूहळू जाईल, एका दिवसात नाही. तोवर तिच्या हाताला जी माती लागेल ती तरी स्वच्छ हवी. म्हणून अंगणात उंच वाफे बांधून घेते आहे. खाली कोबा, भोवती भिंत, आत बाहेरून आणलेली माती. खालच्या मातीचा वरच्या मातीशी संबंध येणार नाही.

तू परत ये असं मी म्हणत नाही. वाफे झाले की एकदा येऊन बघ.

दमयंती


१६ मार्च

जागृती,

उत्तर आलं नाही. केतन म्हणाला, तू पत्र घेतलंस आणि फडताळात ठेवलंस. ठेव.

केतनने आधी कंपनीच्या बाजूने निळे ड्रम आणले होते, अर्धे कापून. वाफ्यांचं काम एका दिवसात होईल म्हणाला.

"कशाचे आहेत?"

"धुतलेत, आई."

"कशाचे आहेत ते विचारलं."

"काय माहीत. सॉल्व्हंट असेल. अख्खं बोईसर यात पिण्याचं पाणी भरतं."

"भरू दे."

ड्रम परत गेले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग स्वतःच पांढरे सिमेंटचे ब्लॉक घेऊन आला. गवंडी बोईसरचा आहे, कारखान्यांची कामं करणारा. मी त्याला म्हटलं, भिंत रिद्धीच्या छातीएवढी हवी, तळाचा कोबा एका बाजूला उतरता, आणि पाणी जायला नळी. तो म्हणाला, "माताजी, टंकी बनवा रही हैं क्या?" मी म्हटलं, क्यारी. "इतनी पक्की क्यारी? इसमें तो भैंस नहा ले."

केतनचे बाबा झोपाळ्यावर बसून सगळं पाहत होते. गवंडी गेल्यावर म्हणाले, "जमिनीवर जमीन घालताय. मी मेल्यावर माज्यावर घाला, तवर दम धरा."

"रिद्धीसाठी आहे हे."

"आमी ह्याच मातीत लानाचे मोटे झालो. कुनाला काय झाला?"

केतन म्हणाला, "बाबा, तेव्हा शेड नव्हती."

"आता तरी कुटं हाय?"

तुला हे सगळं लिहिते कारण इथे सगळे बदलले असं मला भासवायचं नाही. बाबा बदललेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तर ते कोब्यावर पाणी मारत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही.

दमयंती


१ एप्रिल

जागृती,

तू केतनजवळ एवढंच विचारलंस, "माती कुठली?" तोंडी विचारलंस, तरी मी ते उत्तर समजते.

माती मासवणची. तिकडचा महादू लहानपणी आमच्या वाडीवर कामाला यायचा. आता त्याचा ट्रॅक्टर आहे. त्याच्या वरकसातली माती आहे, उंचावरची, जिथे कुठलं पाणी वाहून येत नाही. मी स्वतः जाऊन पाहून आले. तांबडी, भुसभुशीत माती आहे. शेणखतही त्याच्याकडचंच घेतलं. मी विचारलं, गाय चरते कुठे. तो म्हणाला डोंगराकडे. मी विचारलं, रस्त्याकडे येत नाही ना, कचऱ्यात तोंड घालत नाही ना. तो म्हणाला, "बाय, तुमी खत घेताव का सोयरीक जमवताव? गायीचं कूळ पन सांगू का?"

मी म्हटलं, सांग. तो हसला, पण सांगितलं त्याने. आई कुणाकडची, विकत कधी घेतली, सगळं.

भरताना तळाला नारळाची सोडणं घातली, त्यावर केळीचे खुंट तोडून, त्यावर पाला. नारळ आणि केळी आपल्या वाडीतल्या घेतल्या नाहीत, सफाळ्याकडच्या बाजारातून आणवल्या. मग माती आणि खत, थरावर थर. तीन वाफे काठापर्यंत भरले. महादूने वर चढून पायाने दाबले आणि म्हणाला, "ह्यात नवरी उबी केली तरी रुतनार नाय."

संध्याकाळी पाणी दिलं. दोन दिवसांत माती बसली. खालचा पाला, सोडणं दबली, वरचं सगळं खाली गेलं. वाफे आता अर्धे दिसतात. हे होतं असं केतन म्हणतो. आणखी माती लागेल.

बाबा वाकून बघून गेले. "गाळ नाय त्यात. गाळ नाय तो वाफा नाय," म्हणाले. मी त्यांना म्हटलं, त्या तळ्यातली चिमूटही या अंगणात यायची नाही. ते काही बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे कबूल असं या घरात धरतात.

दमयंती


११ एप्रिल

जागृती,

रविवारी रिद्धीला घेऊन येतेस हे केतनने सांगितलं. जेवायला थांबणार नाहीस हेही सांगितलं. ठीक आहे. चहा तरी घे. पाणी बाटलीचं आणून ठेवलं आहे, चहाही त्याचाच करू.

महादूचा ट्रॅक्टर लग्नसराईत अडकला आहे. पुढच्या आठवड्याशिवाय माती मिळणार नाही म्हणाला. मी काळजीत होते. तू येशील आणि अर्धे वाफे बघशील, आणि म्हणशील, ही बाई कुठलंही काम अर्धंच करते.

काल पालघरला डोळे दाखवायला गेले होते. परत आले तर तिन्ही वाफे काठोकाठ भरलेले, वर पाणी मारून हात फिरवून सपाट केलेले. माझा विश्वास बसेना. महादूने वेळ काढला म्हणायचा. बाबा आंघोळ करून आत पडले होते, दमले होते. ते आपणहून कामाला लागले याचं मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना उठवलं नाही. ओली माती छान काळीभोर दिसते आहे.

मेथी आणून ठेवली आहे. रिद्धीच्याच हाताने पेरू.

दमयंती


१४ एप्रिल

जागृती,

आज केतनला सुट्टी आहे, तो दुपारी निघेल. काल जे झालं ते त्याच्याबरोबर लिहून पाठवते.

तू आत चहा गाळत होतीस. बाहेर आम्ही तिघं, रिद्धी, बाबा आणि मी. त्याआधी तू वाफ्यात हात घालून पाहिलास, माती चुरून पाहिलीस, आणि "चांगली आहे" म्हणालीस. तेवढ्यावर मी दिवसभर जगले असते.

रिद्धीने मेथी पेरली. ओळीत नाही, मूठभर एकाच जागी. मी म्हटलं पसर, तिने पसरली. मग तिने बोट मातीत खुपसलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिमूट तोंडात घातली.

मी पाहिलं. मी थांबवलं नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण बाबांचं सांगायचं तर माझंही सांगावं लागतं. डोंगरावरची माती आहे, असं मनात आलं. आणि ती माझ्याकडे बघून खात होती, चोरून नव्हे. मला ते आवडलं.

बाबा झोपाळ्यावरून कधी उठले ते मला दिसलं नाही. त्यांनी तिच्या हातावर मारलं. मग गाल दाबून तोंड उघडलं आणि बोट घालून माती काढली. "थुक. सगळा थुक." ती रडली तेव्हा तू बाहेर आलीस. तू फक्त तिच्या तोंडातला त्यांचा हात पाहिलास. तू तिची चप्पल शोधलीस, पर्स घेतलीस. चहा ओट्यावर राहिला.

बाबांची बाजू मी घेत नाही. मुलीवर हात उचलायचा नसतो. एवढंच सांगते की त्यांनी केतनवरही कधी हात उचलला नव्हता. तू रिक्षात बसलीस तेव्हा ते तांब्या घेऊन मागे धावले, तुला दिसलं नसेल. तिला चूळ भरायला लावायची होती त्यांना. ज्या माणसाने इतके दिवस ऐकवलं की मातीने कुणाला काही होत नाही, त्याला एवढी घाई कशाची? ती माती तर

केतन तयार होऊन उभा आहे. इथेच थांबते.

दमयंती


१९ एप्रिल

जागृती,

तुझं पत्र मिळालं. पहिलंच. चार ओळींचं आहे आणि मी ते बऱ्याचदा वाचलं.

तू लिहितेस, तेव्हा राग आला, पण गाडीत विचार केला. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या तोंडातली माती काढली. बाबांना नमस्कार सांगा. अखातीला रिद्धीला घेऊन येते, राहायला. जमलं तर राहते.

नमस्कार सांगितला. ते उठून मागे गेले.

अखातीचं म्हणशील तर अक्षय्य तृतीयेला ऊन फार असेल. रिद्धीला सोसणार नाही. शिवाय ओटीची एक फरशी उखडली आहे, ती बसवून घ्यायची आहे, घरात सिमेंट पसरलेलं असेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर बरं. मी कळवीनच.

मेथी उगवली आहे असं रिद्धीला सांग. इतक्यात खुडायची नसते हेही सांग.

बाकी सगळं ठीक. बाबा कमी बोलतात.

दमयंती


२६ एप्रिल

जागृती,

बुधवारी अखातीला रिद्धीला आणू नकोस. केतनकडून कळलं की उन्हाचं चालेल म्हणालीस आणि बॅगाही भरल्यास. उघड त्या.

ऊन, फरशी, सगळं खोटं होतं. वाफ्यांच्या वरच्या थरात आपल्या तळ्यातला गाळ आहे.

तू सहा उन्हाळे या घरात काढलेस, तुला माहीत आहे. चैत्रात तळं आटलं की गाळ उपसून झाडांच्या बुंध्यात घालतात. नवा वाफा केला तर घरातल्या मोठ्या पुरुषाने गाळ घातल्याशिवाय त्यात दाणा पडत नाही. बाबांच्या वडिलांनी घातला, आजोबांनी घातला. इथे कुणालाही विचार, चांगली माती कुठली, तर ती विकत आणायची असते असं कुणाच्या डोक्यात येत नाही. ती आपल्या तळ्याच्या तळाशी असते.

१४ तारखेला केतन पत्र घेऊन निघाला आणि मी बाबांना विचारलं.

"महादू कधी येऊन गेला?"

"म्हादू नाय आला."

"वाफे कुणी भरले?"

"मी भरले."

"कशाने?"

ते सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

"तळ्यातला हाय. पन वरचा नाय. वरचा मी बाजूला काडला. कंबरभर खाली उतरलो नी तळाचा घेतला. शेडीच्या आदीचा हाय तो. माज्या बापाच्या येळचा."

"मी सांगितलं होतं, चिमूटसुद्धा नाही."

"पोर येनार नी वाफा अर्दा. अर्द्या वाफ्यापाशी कसा बोलवायचा पोरीला?"

"मग तिच्या तोंडातून का काढलात? बापाच्या वेळचा होता ना?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भरताना खात्री व्हती," म्हणाले. "तिनं तोंडात घातला तवा नाय ऱ्हायली."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. तू ओरडली असतीस तर मी तुला अडवलं नसतं. साठ वर्षांच्या पुढचा माणूस उन्हात तळ्यात उतरला, वरचा गाळ बाजूला केला, खालचा पाट्यांनी वाहिला, एकट्याने. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने निवडून चांगलं तेच घातलं. हे त्यांना माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. झालं कसं ते तुला पूर्ण कळावं म्हणून लिहिते.

केतनला त्याच रात्री सांगितलं. त्याने वाफ्यातली माती पिशवीत भरून बोईसरला एका प्रयोगशाळेत दिली. शिशासाठी वेगळी तपासणी करावी लागते, रिपोर्ट अखाती उलटल्यावर मिळेल म्हणाले. मग आम्ही तिघं बसलो. बाबा म्हणाले, "रिपोट येवंदे. साफ निगाला तं? आदीच सांगून पोरीचा येना मोडशील." केतनला तुम्ही दोघी हव्या आहात, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मीही हलवली. १९ तारखेचं पत्र त्यातून आलं. तू तारीख पुढे ढकलशील, तोवर रिपोर्ट येईल, आणि कुणाला काही कळायचं कारण राहणार नाही, असा हिशेब होता.

परवा रिद्धीचा फोन आला केतनच्या फोनवर. मला दे म्हणाली. तिने विचारलं, "आजी, आई म्हणते तुझ्या वाफ्यातल्या मातीला हात लावला तर चालतो. फक्त तिलाच. बाकी कुठल्या नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"चालतो ना?"

मी म्हटलं आईला दे. आई आंघोळीला गेली म्हणाली. पुन्हा विचारलं, "चालतो ना, आजी?" मी फोन केतनला दिला. त्याने तिला काय सांगितलं मला माहीत नाही. मी मागे जाऊन उभी राहिले.

माती कदाचित स्वच्छ असेल. बाबांचा अंदाज कदाचित बरोबर निघेल. पण कदाचित हा शब्द मला तिच्या तोंडात घालता येत नाही. तुझ्या मुलीला तू एक जागा दाखवलीस जिथे हात घालायला भीती नाही, आणि ती माझ्या भरवशावर दाखवलीस.

आता काय करायचं ते. सोमवारी तिला डॉक्टरांकडे ने. १३ तारखेला चिमूटभर माती तोंडात गेली, बरीचशी काढली, थोडी गिळली असेल, असं सांग. रक्त पुन्हा बघायला सांग. खर्चाचं केतन बघेल. माती खायची सवय जावी म्हणून तिला लोहाचं औषध चालू आहे ते बंद करू नकोस. रिपोर्ट आला की जसा आहे तसा तुला पाठवते. चांगला आला तरी त्याचा अर्थ 'या मग' असा धरू नकोस.

कालपासून बाबा वाफे उपसत आहेत. केतनला हात लावू देत नाहीत. मेथी आधी उपटली, मुळांसकट. गाळ काढला, पण टाकायचा कुठे हे कुणाला सुचेना. तळ्यात परत नको. वाडीत नको. नाल्यात टाकला तर खालच्या आळीच्या दारात जाईल. शेवटी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून पडवीत रचला आहे. घरात शिरताना गोण्यांना वळसा घालून जावं लागतं.

त्यातच काल महादू ट्रॅक्टर घेऊन आला, मातीने भरलेला, वेळ काढून. बाबा वाफ्यात उभे, फावडं हातात. महादू म्हणाला, "दिनाभाव, भरताव का उपसताव?" बाबा म्हणाले, "दोनी." महादूने माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्री पसरली. त्याने माती ताडपत्रीवर ओतली आणि चहाही न घेता गेला. गावात आता काहीही बोलतील.

वाफे पुन्हा भरायचे की नाही हे मी ठरवलेलं नाही. भरले तरी त्यांच्याकडे बोट दाखवून तुला बोलावणार नाही. जूनची वाट पाहू नकोस. रिद्धीचं नाव सफाळ्याच्या शाळेत घाल.

राहिला केतन. तू गेलीस तेव्हाच त्याला तिकडे खोली घ्यायची होती. मी घेऊ दिली नाही. एकुलता एक मुलगा बायकोच्या गावात भाड्याने राहिला तर लोक हसतील, म्हटलं होतं. तुला वाटत असेल तोच आला नाही. त्याला मी थांबवलं होतं, आणि रिद्धी परत आली की तुझा प्रश्नही मिटेल असं धरून चालले होते. वाफे मी रिद्धीसाठी बांधले हे खरं. केतन माझ्याकडेच राहावा म्हणूनही बांधले.

आज सकाळी त्याला म्हटलं, कपडे भर. तो म्हणाला, रिपोर्ट येईपर्यंत थांबतो. मी म्हटलं, रिपोर्ट कसाही येवो. बाबा दाराशी होते. "पाळ्या कशा करनार तिकडून?" एवढंच विचारलं. सफाळ्याहून बोईसरला गाडी आहे, म्हटलं. "हाय," म्हणाले, आणि त्याची मोठी बॅग माळ्यावरून काढून दिली.

तेव्हा हे पत्र आणणारा केतन या वेळी परत येणार नाही. खोली मिळेपर्यंत तुझ्या आईकडे चार दिवस ठेवून घ्या. तुझ्या आईला काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा, माझं नाव घातलं तरी चालेल.

सोमवारी त्याची सकाळपाळी आहे. हाकेने तो उठत नाही, पाय धरून हलवावं लागतं. तुला माहीत आहे ते. इतके दिवस मी उठवत होते, म्हणून लिहिलं.

दमयंती